ठेवीदाराने सावध राहावे, म्हणजे नेमके काय करावे?

माझी मावशी सातारा जिल्ह्यातील एका गावी राहते. काका प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर मिळालेली भविष्य निर्वाह निधीची आणि उपदानाची सर्व रक्कम त्यांनी तालुक्याच्या नागरी सहकारी बँकेत ठेवली. संचालक मंडळातील निम्मी माणसे त्यांचेच विद्यार्थी होते. काका गेले आणि त्यानंतर वर्षभरातच एके सकाळी शाखेच्या दारावर कागद लागला की, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार प्रत्येक खातेदाराला फक्त १ हजार रुपये काढता येतील. त्या बँकेचे नाव मी येथे देत नाही. ते वेगळे असते तरी गोष्ट हीच राहिली असती.

मावशीचा फोन आला. "अरे, तू दिल्लीत एवढा मोठा साहेब. तिथे कुणाला तरी सांग ना. मी माझेच पैसे मागते आहे, दुसऱ्याचे नाही."

मी अर्थशास्त्राचा एम. ए. केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे होत आली. तरीही त्या दिवशी मला तिला सांगण्यासारखे काही सुचले नाही. वित्तीय क्षेत्राचा अनुभव असलेल्या एका सहकाऱ्याला विचारले. तो सज्जन माणूस आहे. शांतपणे म्हणाला, "ठेवीदाराने सावध राहायला हवे होते. अर्धा-पाऊण टक्का व्याज जास्त घेतले, म्हणजे जोखीमही घेतलीच की." मला राग आला, पण तो पूर्णपणे त्याच्यावर नव्हता. असे वाक्य थोड्याफार फरकाने मीही फाईलवर लिहिलेले आहे. आज मला या वाक्याविषयीच लिहायचे आहे. (मते अर्थातच माझी व्यक्तिगत.)

सावध राहायचे म्हणजे काय करायचे? ताळेबंद वाचायचा? पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचा, म्हणजे पीएमसीचा, मार्च २०१९ चा ताळेबंद कोणीही वाचू शकत होते. त्यात जवळजवळ १०० कोटींचा नफा होता आणि ढोबळ अनुत्पादक कर्जे ३.७६ टक्के होती. अनेक सरकारी बँकांचे आकडे त्या वर्षी याहून कितीतरी वाईट होते. सहा महिन्यांनी, २३ सप्टेंबर २०१९ रोजी, बँकेवर निर्बंध आले आणि मग उघड झाले की एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला दिलेले होते. ते लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक खोटी कर्जखाती तयार केली होती. लेखापरीक्षकांना हे दिसले नाही, रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांनाही दिसले नाही. मग भांडुपच्या किंवा दिल्लीच्या शाखेत रांगेत उभ्या असलेल्या निवृत्त माणसाला ते कसे दिसावे? ज्याच्याकडे सर्वांत कमी माहिती, त्याच्यावर सर्वांत जास्त जोखीम, असा हा न्याय आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असा सिद्धान्त मांडला तर त्याला आपण नापास करू.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्या घरचा आहे. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्या. त्या धक्क्यातून ठेव विम्याचा कायदा १९६१ साली झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला. मर्यादा होती १,५०० रुपये. ती टप्प्याटप्प्याने ३० हजारांपर्यंत आली. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँक ऑफ कराड बुडाली आणि त्यानंतर, मे १९९३ मध्ये, मर्यादा १ लाख झाली. पुढे जवळजवळ सत्तावीस वर्षे ती १ लाखावरच थांबली. महागाई वाढली, पगार वाढले, आमचे तीन वेतन आयोग येऊन गेले, पण विम्याची मर्यादा कोणाच्याही टेबलावरून पुढे सरकली नाही. पीएमसीचे ठेवीदार रस्त्यावर आले तेव्हा फेब्रुवारी २०२० मध्ये ती ५ लाख झाली. अकोला, कराड, मुंबई. प्रत्येक वेळी आधी मराठी मुलखातील ठेवीदार बुडाला आणि मग शासनाला जाग आली.

मर्यादेपेक्षाही वाईट होती ती प्रतीक्षा. विम्याची रक्कम बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात गेल्यावरच मिळत असे. कलम ३५अ खालील निर्बंध मात्र दर काही महिन्यांनी वाढवता येत. म्हणजे बँक जिवंत नाही म्हणून ठेव मिळत नाही, आणि मेलेली नाही म्हणून विमा मिळत नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द झाला. साडेनऊ वर्षे! दर मुदतवाढीच्या वेळी कोणीतरी मसुदा तयार केला असेल, कोणीतरी तपासला असेल, कोणीतरी सही केली असेल. प्रत्येक सही नियमानुसारच होती, याबद्दल मला शंका नाही. हीच तर आमच्या प्रशासनाची खरी व्याधी आहे. काहीच न करण्याचा निर्णय हा निर्णय मानला जात नाही, म्हणून त्याचा जाब कोणालाही द्यावा लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ही फट बुजवली. निर्बंध आल्यापासून साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन आले. चांगलेच झाले. पण ही दुरुस्ती करायला कोणती मोठी विद्वत्ता लागत होती, हे मला आजही कळलेले नाही.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. येस बँकेवर ५ मार्च २०२० रोजी निर्बंध आले आणि १८ मार्चला उठले. स्टेट बँकेच्या नेतृत्वाखाली इतर बँकांनी भांडवल घातले, तेरा दिवसांत प्रश्न मिटला आणि एकाही ठेवीदाराचा रुपया गेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात लक्ष्मी विलास बँक दहा दिवसांत डीबीएसमध्ये विलीन झाली. पीएमसीचे ठेवीदार मात्र अठ्ठावीस महिने थांबले. २५ जानेवारी २०२२ रोजी ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली तेव्हा ५ लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून मिळणार होती. त्यावरील रक्कम वर्षागणिक तुकड्यांनी आणि मोठ्या ठेवींची शिल्लक दहा वर्षांनी, असे ठरले. शिवाय ३१ मार्च २०२१ नंतर पाच वर्षे व्याज नाही, त्यापुढे २.७५ टक्के.

पीएमसी आतून पोखरलेली होती आणि येस बँकेत वाचवण्यासारखे काही शिल्लक होते, हे मला मान्य आहे. येस बँक कोसळली असती तर सबंध व्यवस्था हादरली असती, हेही मान्य. पण मग तसे स्पष्ट सांगा. ज्या बँकेच्या बुडण्याने तुम्हाला भीती वाटते तिचा ठेवीदार पहिल्या वर्गाचा आणि जिच्या बुडण्याने फक्त ठेवीदारच मरतो तिचा ठेवीदार दुसऱ्या वर्गाचा, असे शाखेच्या दारावर लिहा. परवाना तर दोन्हीकडे एकाच रिझर्व्ह बँकेचा टांगलेला असतो.

दुहेरी नियंत्रणाची सबब मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती मला पाठ आहे. १९६६ पासून बँकिंग रिझर्व्ह बँकेकडे आणि संस्था निबंधकाकडे, त्यामुळे कोणाचेच हात मोकळे नाहीत, असे म्हटले जाई. यात तथ्य होते. पण २०२० च्या कायद्याने व्यवस्थापन, लेखापरीक्षण आणि विलीनीकरण यांबाबतचे अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाले. त्या तारखेनंतर ही सबब संपली.

दुसरा युक्तिवाद अधिक सभ्य आहे. ठेवीदाराला पूर्ण संरक्षण दिले तर तो बेफिकीर होईल आणि जास्त व्याज देणाऱ्या वाईट बँकेकडे धावेल. पाठ्यपुस्तकात हे असेच आहे. मीही ते परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. पण बेफिकिरीचा दोष जोखीम ज्याच्या हातात असते त्याला लागतो. नागरी बँकेत कर्जदाराला सभासद व्हावे लागते आणि सभासदाला मत असते. नुसत्या ठेवीदाराला मत नसते. म्हणजे पैसा ठेवीदाराचा आणि संचालक निवडणार कर्ज घेणारे. मावशीने कोणाला निवडले नव्हते, कोणाला काढूही शकत नव्हती. तिने कशाची फिकीर करायची होती?

माझी मागणी साधी आहे. बँकेची प्रकृती ज्यांना माहीत आहे त्यांनी ती सांगावी. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१५ रोजी जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात स्पष्ट म्हटले की रिझर्व्ह बँकेचे बँकांशी विश्वस्ताचे नाते नाही, तिचे कर्तव्य जनतेशी आहे आणि तपासणी अहवाल माहिती अधिकारात द्यावे लागतील. त्यानंतर बँकांनी न्यायालयात पुन्हा पुन्हा धाव घेतली आणि २०२२ मध्ये त्यांच्या याचिका ऐकण्यास न्यायालयाने संमती दिली. माहिती अधिकाराला हरकत घेताना वापरली जाणारी सरकारी भाषा मला चांगलीच परिचित आहे. 'अफवा पसरतील, ठेवीदार घाबरतील' असे म्हटले जाते. घाबरतील ना! कारण असेल तर घाबरायलाच हवे. एकीकडे ठेवीदाराने सावध राहावे म्हणायचे आणि दुसरीकडे तो सावध होईल म्हणून अहवाल कुलपात ठेवायचे, हे दोन्ही एकदम कसे चालेल?

ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की ठेव विम्याचा हप्ता यापुढे बँकेच्या जोखमीप्रमाणे ठरेल. तोवर उत्तम बँक असो वा डळमळीत, १०० रुपयांना वर्षाला १२ पैसे हा एकच दर होता. सुधारणा योग्य आहे. पण जोखीम मोजून दर ठरवणार असाल, तर तो दर प्रत्येक शाखेच्या दारावर लावा. मावशीला ताळेबंद कळत नसला तरी १२ पैसे आणि ८ पैसे यांतला फरक नक्की कळतो.

मनात आणले तर काम होते, हेही दिसलेले आहे. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. तिजोरीतील १२२ कोटी रुपये जागेवर नव्हते. रोकड मोजणे हे बँकिंगमधले सर्वांत प्राथमिक काम, आणि तेही वेळेवर झाले नाही, हे भयंकरच आहे. परंतु ४ ऑगस्टला, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, ती सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवी सुरक्षित राहिल्या. एका सहकारी बँकेनेच दुसरीला सावरले. पीएमसीच्या वेळी हीच घाई का झाली नाही, याचे उत्तर मला कोणाकडूनही मिळालेले नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी थोडे अधिक. आपल्यापैकी अनेकांची गावच्या बँकेत आईबरोबर किंवा भावाबरोबर ठेव असते. ती व्याजासाठी कमी आणि गावाशी नाते राहावे म्हणून जास्त असते. पहाडगंजच्या गणेशोत्सवात मी हा विषय काढला तेव्हा बहुतेकांना वाटत होते की विमा प्रत्येक शाखेला किंवा प्रत्येक पावतीला वेगळा मिळतो. तसे नाही. एका बँकेतील एका व्यक्तीच्या सर्व शाखांतील सर्व ठेवी, मुद्दल आणि व्याज धरून, एकत्र मोजल्या जातात. संयुक्त खात्यात पहिले नाव वेगळे असेल तर हिशेब वेगळा होतो. आईला फोन करून पावत्यांवर कोणाचे नाव आधी आहे ते विचारा.

मावशीला जुन्या मर्यादेप्रमाणे १ लाख रुपये मिळाले. बाकीच्यासाठी अवसायकाकडे अर्ज दिलेला आहे. अधूनमधून ती मला विचारते, "तिथे कुणाला सांगितलंस का रे?" मी हो म्हणतो.