डोक्यावर कीड धरलेली मूर्ती

एखादे गाव परक्या माणसाला स्वतःची ओळख कशी करून देते, हा विषय साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा असा आहे. अमेरिकेत तर तो पावलोपावली समोर येतो. तिथल्या मोठ्या शहरांना ओळखीची चिंता नसते. न्यूयॉर्कपाशी स्वातंत्र्यदेवता आहे, सॅन फ्रान्सिस्कोपाशी पूल आहे, सेंट लुइसपाशी ६३० फूट उंचीची कमान आहे. परंतु ज्या गावाच्या वाट्याला समुद्र, डोंगर, राष्ट्राध्यक्ष किंवा लढाई यांपैकी काहीच आले नाही, त्याने काय करावे? अशा गावांनी शोधून काढलेली उत्तरे वरवर पाहता निव्वळ गमतीची वाटतात. ती गमतीची आहेतच. पण गावाचा अभिमान हा मुळात वाचनाचा एक प्रकार आहे, असे मला वाटते. स्वतःच्या इतिहासातले कोणते पान उघडे ठेवायचे आणि कोणते मिटवायचे, हे गाव त्यातून ठरवत असते. म्हणून या स्मारकांची एक फेरी मारावी आणि मग थोडे भांडावे, असा या लेखाचा बेत आहे.

सुरुवात सुतळीपासून करू. मिनेसोटा राज्यातील डार्विन या काही शे वस्तीच्या गावात फ्रान्सिस जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी १९५० साली सुतळी गुंडाळायला घेतली आणि पुढली २९ वर्षे ते ती गुंडाळत राहिले. त्यातून १२ फूट व्यासाचा आणि १७,४०० पौंड, म्हणजे सुमारे ७,९०० किलो वजनाचा गोळा तयार झाला. तिकडे कॅन्ससमधील कॉकर सिटी या गावी फ्रँक स्टोबर यांनी १९५३ मध्ये हाच उद्योग आरंभला. १९७४ मध्ये ते वारले, पण गावाने गोळा थांबवला नाही. उन्हाळ्यात लोक जमतात आणि त्याच्यावर आणखी सुतळी चढवतात. जगातील सर्वांत मोठा गोळा आपलाच, असे दोन्ही गावांचे म्हणणे आहे. डार्विनचा दावा असा की आमचा गोळा एकट्या माणसाच्या हातचा आहे; कॉकर सिटीचा दावा असा की आमचा अजून वाढतो आहे. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. एककर्तृक ग्रंथ श्रेष्ठ, की पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रक्षेपांनी फुगत गेलेले महाकाव्य श्रेष्ठ? प्रश्न सुतळीचा असल्यामुळे कोणी प्रबंध लिहिलेला नाही, इतकेच.

सुतळीहून अधिक विचार करायला लावणारे स्मारक अलाबामातील एंटरप्राइझ या गावात आहे. तिथे भर चौकात ग्रीक वेशातील एका स्त्रीची मूर्ती उभी आहे. तिने दोन्ही हात डोक्यावर उंच धरले आहेत आणि त्या हातांत एक भलामोठा किडा आहे. हा कापसाच्या बोंडावर पडणारा सोंडकिडा. (आपल्याकडे विदर्भात जिच्यामुळे शेतकरी हवालदिल होतो ती बोंडअळी वेगळी.) १९१५ च्या सुमारास या किडीने तिथला कापूस फस्त केला, शेतकरी नाइलाजाने भुईमुगाकडे वळले आणि थोड्याच वर्षांत भुईमुगावर त्यांची भरभराट झाली. तेव्हा गावाने १९१९ मध्ये चक्क किडीच्या कृतज्ञतेचे स्मारक उभारले. मूळ मूर्तीच्या हातांत किडा नव्हता. तो १९४९ मध्ये बसवण्यात आला. म्हणजे आधी कृतज्ञता आली आणि तिचे कारण मागाहून तीस वर्षांनी दृश्य झाले. ज्याने बुडवले त्यालाच डोक्यावर घ्यायचे, ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. पुढे काही गावांना याच मापाने मोजायचे आहे, म्हणून वाचकांनी हा किडा ध्यानात ठेवावा.

याच्या अगदी उलट टोकाला, जे कधी घडलेच नाही त्याचा अभिमान बाळगणारी गावे आहेत. इलिनॉयमधील मेट्रोपोलिस या गावाचे नाव सुपरमॅनच्या काल्पनिक नगरीशी जुळते, एवढ्या भांडवलावर १९७२ पासून ते ‘सुपरमॅनचे गाव’ म्हणून मिरवते. १९९३ मध्ये तिथे त्याचा १५ फुटी पुतळा उभा राहिला. आयोवातील रिव्हरसाइडने तर काळावरही मात केली आहे. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील कॅप्टन कर्क याचे हे ‘भावी जन्मस्थान’ असल्याची शिळा तिथे आहे आणि तिच्यावर जन्मसाल २२२८ असे कोरलेले आहे. एरवी जन्मस्थळांच्या वादात पुरावे मागितले जातात. इथे विरोधकाला अजून दोनशे वर्षे तरी थांबावे लागेल. या साऱ्यावर मनमोकळे हसावे. मात्र सुपरमॅन खरोखर जिथे जन्मला ते शहर मेट्रोपोलिस नव्हे, ओहायोतील क्लीव्हलँड होय. तिथल्या जेरी सिगल आणि जो शुस्टर या स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील दोन तरुणांनी तो कल्पिला आणि १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेली पहिली कथा हक्कांसह १३० डॉलरला विकली. वीरनायकाचा पुतळा पाहताना त्याच्या कर्त्यांची ही कमाई सहसा कोणाला आठवत नाही.

फिलाडेल्फियात हीच गोष्ट अधिक बोचऱ्या रीतीने दिसते. तिथल्या कलासंग्रहालयाच्या ७२ पायऱ्या सिल्व्हेस्टर स्टॅलनच्या ‘रॉकी’ (१९७६) या चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाल्या. पुढे ‘रॉकी ३’ साठी १९८० मध्ये घडवलेला त्या पात्राचा कांस्यपुतळा कुठे ठेवावा, हे कलाकृती आहे की चित्रीकरणाचे सामान, यावर शहरात बरीच वर्षे खल झाला. २००६ मध्ये तो पायऱ्यांच्या पायथ्याशी आणून बसवला गेला. आता जो फ्रेझर याच्याकडे पाहा. तो हाडामांसाचा विश्वविजेता, मुष्टियुद्ध शिकला ते याच शहरात. खाटीकखान्यात नोकरी करताना लटकत्या मांसावर ठोसे मारून सराव करायचा आणि त्या पायऱ्यांवरून धावायचा, असे त्याने स्वतः सांगून ठेवले आहे. १९७१ मध्ये त्याने महंमद अलीला हरवले. चित्रपटातल्या गोऱ्या नायकाला या कृष्णवर्णीय खेळाडूच्या आयुष्यातले तपशील मिळाले आणि पुतळाही आधी मिळाला. फ्रेझर २०११ मध्ये वारला. त्याचा पुतळा शहरात उभा राहिला तो २०१५ मध्ये. कथेतले पात्र प्रत्यक्षातल्या माणसाची जागा किती सहज बळकावते, याचे इतके ढळढळीत उदाहरण समीक्षेच्या पुस्तकांतही क्वचित सापडेल.

आता लेखकांच्या गावांकडे वळू. कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. पुतळा गप्प असतो, लेखक बोलून गेलेला असतो. आणि बहुधा गावाला न रुचणारे बोलून गेलेला असतो.

मिनेसोटातील सॉक सेंटर हे सिंक्लेअर ल्यूइसचे जन्मगाव. त्याने १९२० मध्ये ‘मेन स्ट्रीट’ ही कादंबरी लिहिली आणि गोफर प्रेअरी या नावाखाली आपल्या गावाचा कोतेपणा, आत्मसंतुष्टपणा आणि नव्या विचाराची भीती साऱ्या देशापुढे मांडली. गाव आधी संतापले, आणि मग सावरले. तिथल्या मुख्य रस्त्यावर आज ‘मूळ मेन स्ट्रीट’ अशी पाटी आहे, त्याला सिंक्लेअर ल्यूइस मार्ग छेदतो आणि शाळेचे संघ ‘मेनस्ट्रीटर्स’ या नावाने खेळतात. ज्या शब्दाने बोचकारले तोच शब्द सदऱ्यावर छापून घेतला. ल्यूइसला १९३० मध्ये नोबेल मिळाले. साहित्याचे नोबेल मिळवणारा तो पहिला अमेरिकन. १९५१ मध्ये तो रोममध्ये वारला आणि त्याच्या अस्थी मात्र याच गावात आणून पुरल्या गेल्या. सॉक सेंटरने किडा डोक्यावर घेतला, असे म्हणावेसे वाटते. पण इथे एक शंका उरतेच: टीका पचवणे निराळे आणि पचवून संपवणे निराळे. पाटी लागल्यावर कादंबरी वाचण्याची गरज उरली, की मिटली?

उत्तर कॅरोलायनातील अ‍ॅशव्हिलचे प्रकरण अधिक तीव्र होते. टॉमस वुल्फच्या ‘लुक होमवर्ड, एंजल’ (१९२९) मध्ये गावाचे नाव बदलून अल्टामॉन्ट केले होते. पण माणसे इतकी ओळखू येत होती की घरोघरी राग पेटला. गावाच्या ग्रंथालयानेही काही वर्षे ते पुस्तक ठेवले नाही. वुल्फ जवळजवळ आठ वर्षे गावाकडे फिरकला नाही. १९३७ मध्ये आला, तेव्हा स्वागत झाले. दुसऱ्याच वर्षी, अवघ्या सदतिसाव्या वर्षी तो वारला. परतीच्या अशक्यतेवरची त्याची कादंबरी ‘यू कान्ट गो होम अगेन’ १९४० मध्ये मरणोत्तर निघाली. त्याच्या आईची खाणावळ, म्हणजे कादंबरीतले सर्वांत कडू घर, १९४९ पासून स्मारक आहे. १९९८ मध्ये कोणीतरी त्याला आग लावली. दुरुस्ती होऊन ते २००४ मध्ये पुन्हा उघडले. लेखकाला जे घर कधी आपले वाटले नाही, ते गावाने एवढ्या कष्टाने राखावे, यात समेट आहे. तो उशिरा झाला हेही खरे.

आणि मग हॅनिबल. मिसिसिपीच्या काठावरचे, मार्क ट्वेनच्या बालपणाचे हे गाव. टॉम सॉयरने सवंगड्यांकडून चुना लावून घेतलेले कुंपण इथे दाखवले जाते, जुलैमध्ये कुंपण रंगवण्याच्या स्पर्धा होतात, शाळकरी मुलांमधून टॉम आणि बेकी निवडले जातात. टॉम व हक यांचा पुतळा इथे १९२६ पासून आहे. मराठीत ‘चुना लावणे’ या शब्दप्रयोगाला जो दुसरा अर्थ आहे, तो टॉमच्या करामतीला चपखल बसतो. दुर्दैवाने तो गावाच्या स्मृतीलाही बसतो. कारण हक फिनबरोबर तराफ्यावर टॉम नव्हता, जिम होता. मिझुरी हे गुलामगिरीचे राज्य होते, ट्वेनच्या घरातही गुलाम होते. पण पर्यटकाला विकायला कुंपण सोयीचे, बेडी गैरसोयीची. त्यामुळे ‘टॉम सॉयर’ (१८७६) हे गावाचे पुस्तक झाले आणि ‘हकलबरी फिन’चा अंधारा भाग विद्यापीठांच्या हवाली झाला. जिमच्या आणि गावातल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेले छोटे संग्रहालय तिथे उघडले ते थेट २०१३ मध्ये. पर्सिव्हल एव्हरेट याने जिमच्या तोंडून तीच कथा सांगणारी ‘जेम्स’ ही कादंबरी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळाले. पुतळ्यात वगळलेला माणूस शेवटी कादंबरीतून चालत आला.

इथे कोणी म्हणेल, हे जरा जास्तच झाले. कारखाने गेले, शेती यंत्रांनी खाल्ली, तरुण पोरे शहरात गेली. अशा गावाने कुंपण दाखवून चार डॉलर मिळवले तर बिघडले काय? आक्षेप रास्त आहे. गावाने चरितार्थ चालवावा, आणि आपणही त्याच्या सुतळीच्या गोळ्याशेजारी उभे राहून आनंदाने छायाचित्र काढून घ्यावे. सुतळीने कोणाला वगळलेले नाही. तक्रार अभिमानाविरुद्ध नाहीच. अभिमान खोटा नसतो. तो अर्धा असतो. अडचण होते ती त्या अर्ध्याला पूर्ण मानले की.

ज्या एंटरप्राइझचे मी इतके कौतुक केले तेही यातून सुटत नाही. किडीमुळे भले झाले हे म्हणणे मुख्यतः ज्यांच्यापाशी पीक बदलण्याइतकी ऐपत होती त्यांचे. दक्षिणेत दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणाऱ्या असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांना त्याच किडीने उत्तरेकडची वाट धरायला लावली. त्यांनी तिचे स्मारक बांधले नाही, तिच्यावर गाणी रचली. चार्ली पॅटनने १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘मिसिसिपी बो वीव्हिल ब्लूज’ हे त्यांतले एक. किडा एकच, चौकातल्या मूर्तीत तो उपकारकर्ता आहे, तर गाण्यांच्या या परंपरेत तो मालकालाही न जुमानणारा, घर शोधत हिंडणारा भटक्या आहे. दोन्ही समोर ठेवल्याशिवाय अलाबामाच्या त्या चौकाचा अर्थ पुरा लागत नाही.

आपल्याकडे इंग्रजीच्या वर्गात ट्वेन शिकवला जातो, कधी ल्यूइसही येतो. प्रस्तावनेत लेखकाचे जन्मगाव, घर, पुतळा यांचा एक परिच्छेद असतो आणि तो सांगून आपण लगेच कलाकृतीकडे वळतो. माझी सूचना एवढीच की त्या परिच्छेदापाशी थोडे थांबावे. हॅनिबलचे कुंपण हेही ‘टॉम सॉयर’चे एक भाष्य आहे, सॉक सेंटरची पाटी हीही ‘मेन स्ट्रीट’ची एक समीक्षा आहे, तिला इतर समीक्षेला विचारतो तेच प्रश्न विचारावेत. या वाचनात काय राहून गेले? कोणाची ओळ गाळली? आणि गाळलेली ओळ कोणी, कुठे लिहून ठेवली आहे? विद्यार्थ्यांना हे प्रश्न पुतळ्यापुढे विचारता आले, तर पुस्तकापुढे ते विचारायला त्यांना फारसे शिकवावे लागणार नाही.