डीजेवर प्रबंध का नको?

कोरियन पोरांची गाणी बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यासारख्या गावातल्या पोरींच्या मोबाइलवर वाजतात, याचे आता कुणाला नवल राहिलेले नाही. नवल करावे ते त्या गाण्यांच्या अभ्यासाचे. लंडनच्या ‘सोआस’ विद्यापीठातले कीथ हॉवर्ड यांनी सुरुवात केली कोरियातल्या चिंदो बेटावरच्या लोकसंगीतापासून आणि तिथल्या अंगात येण्याच्या विधींपासून. पुढे २००६मध्ये कोरियन पॉपवरचा ग्रंथ संपादित केला तोही त्यांनीच. देवऋष्याचे वाजप सोडून बाजारी गाण्यांच्या नादी लागले, असे त्यांना कुणी हिणवल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडेही असा माणूस होता. गजाननबुवा जोशींकडे शिकलेले अशोक दा. रानडे मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक. कलासंगीताच्या पंक्तीला त्यांनी आदिम, लोक, भक्ती आणि जनसंगीतही बसवले. हिंदी चित्रपटगीतांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक त्याच २००६चे. रानडे २०११मध्ये गेले. त्यांच्या मागे त्या वाटेला किती जण गेले, ते बोटांवर मोजावे.

साखरखेर्डा म्हटले की १७२४ची लढाई निघते. निजामाने मोगल सुभेदार मुबारिजखानाला मारले आणि गावाला फत्तेखेर्डा केले. भाविकांना प्रल्हाद महाराजांचे संस्थान ठाऊक. पण या भागातल्या लग्नात सनई-डफडे मागे पडून कॅसिओवाली बँडपार्टी कधी आली, तिला डीजेने कसे उठवले, इसार कोण देतो, नवरदेव पारावर असताना कोणते गाणे लागलेच पाहिजे आणि कोणते लावले की काठ्या निघतात, हे कोणी लिहून ठेवायचे?

भीमगीतांवर मराठी विभागांत प्रबंध होतात, पण बहुतेक शब्दांवर. आशय, प्रतिमा, अलंकार, संपले. गायक प्रल्हाद शिंदे यांचा एकच गळा विठ्ठलाच्या मंडपात, भीमजयंतीला आणि कव्वालीच्या फडात चालला. एकमेकांच्या मांडवात न जाणाऱ्या वस्त्यांनी तो आपापल्या कर्ण्यावर लावला. ही किमया कवितेची जेवढी, तेवढीच कॅसेटची. ती कागदावरच्या गीतात कशी सापडणार?

बसस्टँडजवळच्या मोबाइल दुकानांत दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचे, ते दिवस फार जुने नाहीत. कॉम्प्युटरवर फोल्डर असत : हळदी डीजे, गवळण, भीमगीत, कव्वाली, जुने सॅड. गिऱ्हाइकाचे तोंड बघून कोणते फोल्डर उघडायचे, हे दुकानदाराला बरोबर कळे. रानड्यांच्या वर्गवारीइतकीच ही वर्गवारीही तपासण्याजोगी आहे. एम.ए.च्या एखाद्या विद्यार्थ्याला यंदा हाच विषय द्यावा. ते कॉम्प्युटर भंगारात निघालेत, म्हणून विषय यंदाच द्यायला हवा. आणि मार्गदर्शकाने ‘हा काय विषय झाला?’ एवढे मात्र विचारू नये.