कडुनिंब, चांदी आणि घरगुती उपचार

कडुनिंबाच्या अर्कातून बनलेले चांदीचे नॅनोकण, म्हणजे मीटरच्या अब्जांशात मोजले जाणारे कण, जंतू मारतात, म्हणून वालूरसारख्या गावांत ते घरीच करून जखमेवर लावावेत, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत धोक्याचे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व सहकाऱ्यांचे २००४ मधील संशोधन मौलिक आहेच; पण पानांतील द्रव्ये चांदीच्या आयनांना, म्हणजे विद्युतभारित अणूंना, इलेक्ट्रॉन देऊन त्यांचे कण घडवतात, हे त्यातून दिसले, जखमेवरचा उपचार नव्हे. प्रयोगशाळेच्या बशीत जंतू मारणारी चांदी अधिक मात्रेत मानवी पेशींनाही अपाय करते, आणि पानांतील द्रव्ये ऋतूनुसार बदलत असल्याने घरी सुरक्षित मात्रा राखणे अशक्यच.

— एक वाचक, वालूर (ता. सेलू, जि. परभणी)