विश्लेषण : समुद्रापासून दूरच्या नागपूरला समुद्राच्या तापमानाची चिंता का?

दरवर्षी एप्रिलच्या मध्यात भारतीय हवामान विभाग मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर करतो आणि ‘एल निनो’, ‘ला निना’, ‘हिंद महासागरीय द्विध्रुव’ हे शब्द बातम्यांत येऊ लागतात. दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपुरात मात्र प्रश्न साधे असतात : यंदा पाऊस किती, पेरणी कधी करायची आणि शहरात पुन्हा पाणी शिरणार का? यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर समुद्र काही प्रमाणात देतो. उरलेल्या दोन प्रश्नांचे नाही. ते का, याविषयी…

विदर्भाच्या पावसाचा समुद्राशी संबंध काय?

विदर्भात जून ते सप्टेंबर या काळात सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याचा मोठा वाटा बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे येतो. ही क्षेत्रे ओडिशा किंवा आंध्र प्रदेशचा किनारा ओलांडून पश्चिमेकडे, वायव्येकडे सरकतात. ती किती तयार होतात आणि कोणत्या मार्गाने जातात, यावर विदर्भातील पावसाचे दिवस ठरतात. मार्ग थोडा उत्तरेकडे वळला की पाऊस मध्य प्रदेशात पडतो आणि विदर्भ कोरडा राहतो.

सप्टेंबर २०२१ मधील ‘गुलाब’ चक्रीवादळ हे याचे ठळक उदाहरण. २६ सप्टेंबरला ते आंध्र प्रदेशच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. त्याच्या अवशेषांमुळे दोन दिवसांत मराठवाडा आणि विदर्भात अतिवृष्टी झाली. नांदेडहून नागपूरकडे येणारी एसटी बस यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळ पुरात वाहून गेली ती याच पावसात.

समुद्राची पाहणी कशी होते?

उपग्रहांमुळे समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान कळते, पण खालच्या पाण्यात किती उष्णता साठली आहे हे कळण्यासाठी पाण्यातच उपकरणे लागतात. जगभरातील समुद्रांत सुमारे चार हजार ‘आर्गो’ फ्लोट सोडलेले आहेत. ते दोन हजार मीटर खोलीपर्यंत जातात, साधारण दर दहा दिवसांनी वर येतात आणि तापमान व क्षारतेची माहिती उपग्रहामार्फत पाठवतात. शिवाय तळाशी नांगरलेले तरंगक असतात. भारतात चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था असे तरंगक सांभाळते, तर हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही माहिती संकलित करून पुरवते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत महासंगणकावर समुद्र व वातावरण यांचे एकत्रित प्रारूप चालवले जाते.

ही यंत्रणा उभी राहण्यामागे एक कटू अनुभवही आहे. २००२ मध्ये जवळपास सरासरीइतक्या पावसाचा अंदाज होता. प्रत्यक्षात देशात सरासरीच्या ८१ टक्के पाऊस पडून दुष्काळ पडला. त्यानंतर अंदाजाची पद्धत बदलण्यात आली आणि २०१२ मध्ये ‘मान्सून मिशन’ सुरू झाले.

एल निनो म्हणजे दुष्काळ असे समीकरण आहे का?

नाही. मध्य व पूर्व प्रशांत महासागराचे पाणी सरासरीपेक्षा किमान अर्धा अंश अधिक तापून ती स्थिती टिकली, की एल निनो मानला जातो. अशा वर्षी भारतात पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढते, एवढाच त्याचा अर्थ. १९९७ मध्ये अत्यंत तीव्र एल निनो असूनही देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. त्या वर्षी हिंद महासागराचा पश्चिम भाग उबदार आणि इंडोनेशियाकडील भाग थंड होता. यालाच धन द्विध्रुव म्हणतात. त्याने एल निनोचा परिणाम बराच झाकला, असे मानले जाते.

समुद्राची तीच स्थिती सर्वांसाठी सारखीही नसते. भारतात जून ते सप्टेंबरचा पाऊस घटवणारा एल निनो शेजारच्या श्रीलंकेत ऑक्टोबर ते डिसेंबरमधील पाऊस वाढवण्याकडे झुकतो. इंडोनेशियात मात्र एल निनो आणि धन द्विध्रुव एकत्र आले, की दुष्काळ आणि वणव्यांचा धोका वाढतो. म्हणून बेटांच्या देशांतही समुद्राची आकडेवारी थेट वापरता येत नाही. ती स्थानिक पावसाच्या नोंदींशी जोडावी लागते. विदर्भालाही हेच लागू पडते.

हंगाम कमी पावसाचा, मग नागपुरात पूर कसा?

२०२३ हे एल निनोचे वर्ष होते. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. संपूर्ण हंगामात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. तरीही २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतच पाणी शिरले आणि काहींना प्राण गमवावे लागले. २०१८ मध्येही देशात ९१ टक्केच पाऊस झाला. पण त्याच वर्षी ६ जुलैच्या मुसळधार पावसाने नागपुरात सुरू असलेले विधिमंडळाचे अधिवेशन विस्कळीत झाले.

यात विरोधाभास नाही. हंगामी अंदाज चार महिन्यांच्या आणि मोठ्या प्रदेशाच्या बेरजेविषयी असतो. ती बेरीज कोणत्या रात्री, कोणत्या तलावाच्या पाणलोटात पूर्ण होईल, हे त्यात नसते. पुण्यातील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही. म्हणजे कोरडे दिवस आणि धोकादायक रात्री एकाच हंगामात येऊ शकतात.

मग कोणता अंदाज कशासाठी वापरायचा?

हंगामी अंदाज धरणातील पाण्याचे नियोजन, बियाण्यांचा पुरवठा आणि पीक विमा यांसाठी उपयोगी आहे. पेरणीची तारीख त्यावरून ठरवणे धोक्याचे. त्यासाठी दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज, मंगळवारी व शुक्रवारी मिळणारा कृषी हवामान सल्ला आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणीचा कृषी विभागाचा निकष पाहावा. कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात दुबार पेरणीचा खर्च अनेकदा पहिल्या सरींवर विश्वास ठेवल्यामुळेच पदरी पडतो.

पुरासाठी महत्त्वाचा असतो तो पुढील तीन तासांचा इशारा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडे डॉप्लर रडार आहे आणि ढगांची वाढ त्यावर दिसते. मात्र पहाटे दोन वाजता दिलेला इशारा नदीकाठच्या घरापर्यंत कोण पोहोचवणार, तलावाची पातळी कोण पाहणार, नाल्याचा प्रवाह मोकळा आहे का, हे प्रश्न हवामानशास्त्राचे नाहीत. २०२३ च्या पुरानंतर अंबाझरीच्या सांडव्यासमोरील बांधकामाचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, यावरून हे स्पष्ट होते. समुद्राची पाहणी अधिक अचूक होत जाईल. पण ‘सरासरीपेक्षा कमी पाऊस’ हे शब्द वाचून नालेसफाई पुढे ढकलली गेली, तर त्या अचूकतेचा नागपूरला उपयोग नाही.