अभ्यासक्रमाबाहेरची माती

परवा फोनवर नातवाने विचारलं, "आजोबा, मंगळावरचे दगड तपासून आपल्याला काय मिळतं?" काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग 'स्पिरिट'ची आठवण झाली.

नासाची ही सहा चाकी गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावरच्या गुसेव्ह विवरात उतरली. तिथे एके काळी तळं असावं, त्याचा गाळ मिळेल, अशी शास्त्रज्ञांना आशा होती. मिळाला काय, तर बेसाल्ट! आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या जातीचा, त्याच जातीचा. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेली गाडी पुढेही चालत राहिली, टेकड्या चढली. मार्च २००६ मध्ये तिचं पुढचं उजवं चाक बंद पडलं. तेव्हापासून तिला उलटी चालवू लागले. ते चाक मागून फरफटत यायचं आणि जमिनीत चर पडायचा. २००७ मध्ये अशाच एका चरात पांढरी माती दिसली. तपासली, तर सुमारे ९० टक्के शुद्ध सिलिका! एवढी शुद्ध सिलिका पाण्यावाचून होत नाही. तिथे कधीतरी गरम पाण्याचे झरे असतील, नाहीतर जमिनीतून आम्लयुक्त वाफ निघत असेल.

लोक म्हणतात, बिघडलेलं चाक पथ्यावर पडलं. मला तसं वाटत नाही. श्रेय चाकाचं नाही, त्या चराकडे वळून पाहणाऱ्यांचं आहे. "हे आपल्या यादीत नाही" म्हणून ते पुढे निघून गेले नाहीत.

मी मात्र गेलो होतो. चाळीसेक वर्षांपूर्वी एका मुलाने विहिरीच्या खोदकामातला दगड वर्गात आणला होता. आत पांढरे स्फटिक चमकत होते. बेसाल्टच्या पोकळ्यांत असे स्फटिक तयार होतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. सहामाही तोंडावर आली होती. "परीक्षेत येणार नाही, बाहेर ठेव," मी म्हणालो. त्याने पुन्हा कधी काही आणलं नाही.

स्पिरिट २००९ मध्ये भुसभुशीत मातीत रुतली. मार्च २०१० नंतर तिचा संदेश आला नाही.

नातवाला आज फोन करणार आहे. काय मिळणार हे आधीच ठाऊक असतं, तर गाडी पाठवायची गरजच नव्हती, हे त्याला सांगायचं आहे. आणि तुमच्यापैकी जे शिकवतात त्यांना एक विनंती. कोणी दगड घेऊन आलं, तर दोन मिनिटं हातात घेऊन बघा.