झिजलेला शाफ्ट आणि हैदराबादची वाट

ऐन गळीत हंगामात साखर कारखान्यातील एखादा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजतो आणि गाळप थांबते. आवारात ताटकळलेल्या गाड्यांतील ऊस वाळत राहतो. घटलेल्या वजनाचा भुर्दंड शेतकऱ्याच्या माथी येतो. मग वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा भराव घालून, लेथवर तासून वेळ निभावली जाते. लातूर-नांदेडचे कारागीर या कामात वाकबगार आहेत. परंतु उष्णतेने धातू वाकतो, प्रसंगी त्यास तडा जातो, त्यापुढे त्यांचे कौशल्यही हतबल ठरते.

‘कोल्ड स्प्रे’ हे तंत्र नेमकी ही उष्णता टाळते. १९८०च्या दशकात सोव्हिएत रशियातील नोवोसिबिर्स्क येथे ते जन्मले. तापविलेल्या नायट्रोजन वा हेलियमच्या झोतात धातूची भुकटी सोडून ती ध्वनीहून अधिक वेगाने पृष्ठभागावर आदळविली जाते. कण वितळत नाही. आघाताने चपटा होऊन खालच्या धातूला घट्ट बिलगतो. थरावर थर चढवून नवा भागही घडविता येतो. अमेरिकी सैन्याने हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सची मॅग्नेशियमची आवरणे याच रीतीने दुरुस्त केली.

अर्थात ही जादूची कांडी नव्हे. हेलियम महाग आहे, फवारलेला थर खडबडीत असतो, म्हणून लेथची गरज उरतेच. अॅल्युमिनियम-तांबे जितके सहज बसतात तितके कठीण पोलाद बसत नाही. आपल्या शाफ्टला हे तंत्र किती मानवेल, याचा निवाडा प्रयोगशाळेतच व्हावयास हवा.

ती प्रयोगशाळा फार दूर नाही. केंद्र शासनाच्या विज्ञान विभागाची ‘एआरसीआय’ ही संस्था हैदराबादेत अनेक वर्षे या तंत्रावर संशोधन करीत आहे. नांदेडला १९८१पासून श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था उभी आहे. लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना आला आहे. तरीही येथला अभियंता पदवी हाती पडताच पुण्याची गाडी का धरतो? त्याला येथे खिळवून ठेवील असा प्रश्नच कोणी त्याच्यापुढे ठेवला नाही, हे त्याचे एक उत्तर आहे.

हंगाम संपला की कारखान्यांत दुरुस्तीचे महिने सुरू होतात. भंगारात टाकलेले दोन-चार शाफ्ट यंदा नांदेडच्या विद्यार्थ्यांच्या हवाली करावेत, आणि त्यांनी ते घेऊन हैदराबाद गाठावे. खर्चाचा पहिला वाटा साखर कारखान्यांनीच उचलावा.