मुद्दल झाडावरच राहू द्या

थंडीतल्या लग्नसराईत पुण्या-मुंबईच्या फुलबाजारात एक दिमाखदार ऑर्किड हमखास दिसतं. मेणासारख्या जाड पाकळ्या आणि मधली पाकळी होडीसारखी खोलगट. हे सिंबिडियम. ग्रीक भाषेत ‘किम्बे’ म्हणजे होडी. त्यावरून स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ ओलोफ स्वार्ट्झ यांनी १७९९ साली या कुळाला हे नाव दिलं. फुललेली कुंडी भेट म्हणून घरी येते, महिना-दीड महिना दिवाणखान्यात मिरवते आणि पुढच्या वर्षी नुसती पानं दाखवते.

यात मालकाचा दोष नाही. बाजारातले बहुतेक संकर थंड डोंगराळ मुलखातल्या जातींपासून झालेले आहेत. उन्हाळा सरताना रात्री दहा ते पंधरा अंशांपर्यंत उतरल्याखेरीज त्यांना फुलाचा दांडा येत नाही. सिक्कीम-कालिंपोंगला अशा रात्री मिळतात, पुण्याच्या गच्चीवर त्या वेळेवर येत नाहीत.

या संकरांची वंशावळ जुन्या खातेवहीसारखी वाचता येते. १८८९ साली इंग्लंडमधल्या व्हीच यांच्या रोपवाटिकेने आपल्या ईशान्येकडच्या डोंगरांतलं हस्तिदंती एबर्नियम आणि ब्रह्मदेशातलं हिरवट-पिवळं लोवियानम यांचा पहिला संकर नोंदवला. त्याला व्हिएतनामच्या इन्सिग्नेची जोड देऊन १९११ साली ‘अलेक्झांडराय’ जन्मलं आणि मोठ्या फुलांच्या संकरांची घराणी सुरू झाली. १९६०च्या सुमारास जॉर्ज मोरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिंबिडियमच्या कोंबाच्या टोकापासून हुबेहूब रोपं वाढवण्याची वाट दाखवली. आज कुंडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली ती त्यामुळे. उमेदीची वर्षं बँकेत घालवलेल्या माझ्यासारख्याला यात दिसतं ते व्याज. मुद्दल आशियातल्या रानांत आहे.

त्या मुद्दलाचा एक हिस्सा आपल्या दारात आहे, हे मात्र आपण विसरतो. सिंधुदुर्गात, गोव्यात जुन्या झाडांच्या बेचक्यांत कोरफडीसारख्या जाड पानांचे झुबके दिसतात. उन्हाळ्यात त्यांतून पिवळसर, तांबूस रेघांच्या फुलांचे घोस खाली लोंबतात. हे सिंबिडियम अ‍ॅलोइफोलियम. ‘हॉर्टस मलबारिकस’च्या १६९३ साली निघालेल्या बाराव्या खंडात त्याचं चित्र आहे. तिथलं त्याचं मल्याळी नाव ‘कांजीरम’ म्हणजे आपल्या काजऱ्यावरून पडलेलं आहे. या ग्रंथाच्या कामाला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांनी हातभार लावला होता. पुढे १७५३ मध्ये लिनियसने या जातीला शास्त्रीय नाव दिलं, आणि सिंबिडियम कुळाची नमुना-जात म्हणून शास्त्रज्ञ हिलाच मानतात. दिवाणखान्यातल्या त्या भपकेबाज फुलाचं आडनाव कोकणातल्या या साध्या नातेवाइकावर बेतलेलं आहे म्हणायचं!

संकरांवर माझा राग नाही; प्रयोगशाळेतलं रोप विकत घेतलं तर रानातलं ओरबाडावं लागत नाही. पण ज्याला सखल प्रदेशात होडी-ऑर्किड फुललेलं पाहायचं आहे, त्याने अ‍ॅलोइफोलियम लावावं. लोंबती टोपली, कोळसा, विटांचे तुकडे, नारळाचं सोडण, सकाळचं ऊन एवढ्यावर ते समाधानी असतं. रोप मात्र रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्यावं आणि ते कुठून आलं हे विक्रेत्याला निक्षून विचारावं.

कारण रानात हे मुद्दल फार सावकाश साठतं. ऑर्किडचं बी धुळीसारखं, शिदोरीविना निघालेलं. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं आणि फुलायला वर्षं घेतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात कितीतरी जुनी झाडं पडली. एका झाडाच्या बदल्यात अमुक रोपं लावू, असा हिशेब अशा वेळी मांडला जातो. त्या हिशेबात खोडावरचं ऑर्किड धरलेलं नसतं, आणि अंगठ्याएवढ्या जाडीचं रोप त्याला आधार देऊ शकत नाही.

मागणी साधी आहे. झाडावर कुऱ्हाड पडण्याआधी कुणीतरी मान वर करून फांद्या पाहाव्यात. ऑर्किड असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर ते मुळांसकट उतरवून शेजारच्या जुन्या झाडावर काथ्याने बांधावं. एक शिडी आणि दोन माणसं पुरतात. झाड तोडण्याच्या परवान्यातच ही अट घालायला काय हरकत आहे? व्याजावर हौस भागवणाऱ्यांनी मुद्दलाची एवढी तरी काळजी घ्यायला हवी.